सुटा पत्ता : सावंतवाडीची गंजिफा, पिंगुळीची चित्रकथी आणि खुल्या कार्यशाळेची चिकित्सा

बीजसंज्ञा : गंजिफा, चित्रकथी, लाखकाम, राजाश्रय, खुली कार्यशाळा

प्रास्ताविक

पारंपरिक हस्तकलांविषयी मराठीत जे लेखन होते, त्यात दोन सूर ठळकपणे आढळतात. एक ऱ्हासाच्या शोकाचा, दुसरा पुनरुज्जीवनाच्या कौतुकाचा. दोन्ही प्रकारच्या लेखनात कलावस्तूचे वर्णन विपुल असते. रंग कोणते, लाकूड कोणते, राजाश्रय कोणाचा, याची माहिती मिळते. ती वस्तू पूर्वी कोण वापरीत होते आणि आज कोण वापरतो, हा प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. हस्तकलेच्या बाबतीत तर हा प्रश्न सौंदर्यविचाराच्या गाभ्यातला मानावा लागतो. कारण पाट, पेटी किंवा खेळायचा पत्ता यांचे रूप त्यांच्या वापरानेच घडविलेले असते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी आणि कुडाळजवळील पिंगुळी या दोन ठिकाणी स्थानिक कलेला आधार देणाऱ्या संस्था उभ्या आहेत. दोन्ही ठिकाणी कलावंत काम करीत असताना पाहुण्याला ते पाहता येते. नागर कलाव्यवहारात ज्याला आज ‘ओपन स्टुडिओ’ म्हणतात, त्याचीच ही कोकणी रूपे होत. प्रस्तुत लेखात या दोन प्रयत्नांची तुलनात्मक चिकित्सा केली आहे. दोन्हींचे ऋण मोठे आहे, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. परंतु ऋण मान्य करणे आणि परीक्षण टाळणे या दोन गोष्टींची आपल्याकडे वारंवार गल्लत होते. ती येथे टाळली आहे.

गंजिफा : खेळ की चित्र?

गंजिफाचा भारतातील सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बाबराच्या आत्मवृत्तात, 1527 च्या नोंदीत, येतो. सिंधच्या शाह हसनकडे बाबराने गंजिफाचा संच पाठविला होता. अबुल फज्लच्या ‘आइने अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे 144 पत्त्यांच्या जुन्या संचाचे वर्णन असून अकबराने त्यात केलेल्या फेरफारांचीही नोंद आहे. पुढे मोगली पद्धतीचा आठ रंगांचा, 96 पत्त्यांचा संच रूढ झाला. दख्खनेत आणि ओरिसात या परकी खेळाने देशी वेष धारण केला. विष्णूचे दहा अवतार हे दहा रंग झाले आणि 120 पत्त्यांची दशावतारी गंजिफा सिद्ध झाली. सावंतवाडीची ख्याती आहे ती प्रामुख्याने या दशावतारी संचाबद्दल.

या संचाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रत्येक अवताराचे बारा पत्ते असतात : एक राजा, एक प्रधान आणि एक ते दहा अशी दहा हुकमी नसलेली, केवळ मोजणीची पाने. मोजणीच्या पानांवर त्या त्या अवताराचे चिन्ह तितक्या वेळा काढलेले असते. मत्स्याचा मासा, परशुरामाचा परशु, कृष्णाची गाय अशी ही चिन्हे ओळखावयाची. म्हणजे 120 पत्त्यांपैकी राजा आणि प्रधान यांची सचित्र पाने अवघी वीस. उरलेली शंभर पाने चिन्हांची. एका रंगात एक ते दहा मिळून पंचावन्न चिन्हे, म्हणजे संपूर्ण संचात साडेपाचशे. एका संचासाठी कारागीर पंचावन्न वेळा मासा काढतो. हा हिशेब वरवर पाहता किरकोळ वाटेल. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व स्पष्ट होईल.

खेळाचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागते. तीन खेळाडू, प्रत्येकाला चाळीस पाने. कोणताही रंग हुकुमाचा नसतो. निम्म्या रंगांत मोजणीच्या पानांचा चढता क्रम एका दिशेने, तर उरलेल्या निम्म्या रंगांत तो उलट्या दिशेने लागतो. दिवसा खेळताना रामाचा मान, रात्री खेळताना कृष्णाचा. कोणती पाने पडली आणि कोणती उरली हे ध्यानात ठेवणे हेच यातील खरे कौशल्य. खेळताना अवतारांची नावे मुखी येतात, त्यामुळे खेळातून पुण्यही जोडले जाते, अशी श्रद्धा होती. पत्त्यांचा खेळ आणि नामस्मरण यांची अशी सांगड घालणाऱ्या समाजाच्या चातुर्याचे कौतुकच करावे लागेल!

पत्ता गोल का, मागील बाजू एकरंगी का, चिन्ह दुरून ओळखू येईल इतके ठसठशीत का, या सर्वांची उत्तरे खेळात सापडतात. जुन्या पद्धतीत कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने जोडून, त्यावर खडूचा लेप देऊन, दगडाने घोटून पृष्ठभाग तयार केला जाई आणि लाखेच्या लेपाने पत्ता टिकाऊ होई. हातात सतत फिरणाऱ्या, घामाचा स्पर्श सोसणाऱ्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप होता. सावंतवाडीत पत्त्यांचे दोन प्रकार मानले जातात : नक्षीदार काठ असलेला ‘दरबारी’ आणि काठाविना, मोजक्या रेषांचा ‘बाजार’. पहिला प्रकार नजराण्याचा व प्रतिष्ठेचा, दुसरा सामान्यांच्या हातातला. कलासमीक्षेने आजवर दरबारी पत्त्याचे गुणगान केले आहे. बाजार पत्त्याच्या जलद, निःशंक रेषेकडे फारसे कोणी वळलेले नाही. या रेषेचा वेग मागणीतून आलेला असतो, आणि मागणीतून आलेल्या वेगालाही एक सौंदर्य असते, हे वारली भित्तिचित्रांच्या निमित्ताने आपण मान्य केले. पत्त्यांच्या बाबतीत ते मान्य करण्याचे राहून गेले.

येथे एका अभ्यासकाचा उल्लेख अगत्याचा आहे. रूडॉल्फ फॉन लेडन (1908–1983) हे मुंबईत स्थायिक झालेले जर्मन गृहस्थ ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील कलासमीक्षक म्हणून प्रसिद्ध होते. 1947 मध्ये स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या चित्रकारांचे ते खंदे पाठीराखे. त्याच लेडन यांनी गंजिफाचा संग्रह व अभ्यास चिकाटीने केला आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील 1982 च्या प्रदर्शनासाठी त्यांनी लिहिलेले पुस्तक आजही या विषयाचा आधारग्रंथ मानले जाते. आधुनिक चित्रकलेच्या समर्थकाला खेळाच्या पत्त्याचे नियम समजून घ्यावेसे वाटले, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे. आपल्याकडील चित्रकलेच्या इतिहासग्रंथांत मात्र गंजिफाला बहुधा एखाद्या परिच्छेदापलीकडे जागा मिळत नाही.

राजवाडा आणि त्याची कार्यशाळा

सावंतवाडीच्या कलापरंपरेला तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीत (1755–1803) विशेष आश्रय मिळाला. चितारी कुटुंबांची वस्ती असलेली चितारआळी आजही लाकडी खेळणी, फळे आणि रंगीत पाट यांच्या दुकानांनी ओळखली जाते. एकोणिसाव्या शतकात यंत्रावर छापलेले स्वस्त युरोपीय पत्ते बाजारात आले आणि हाताने रंगविलेल्या पत्त्यांची गरज ओसरत गेली. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. विसाव्या शतकाच्या मध्यास गंजिफा करणारा जाणता कारागीर म्हणून पुंडलिक चितारी हे एकच वृद्ध गृहस्थ काय ते उरले होते, असे या पुनरुज्जीवनाच्या हकिकतीत सांगितले जाते.

या टप्प्यावर शिवरामराजे भोसले आणि राजमाता सत्वशीलादेवी भोसले यांनी जे केले त्याचे मोल कमी लेखता येणार नाही. सत्वशीलादेवींनी स्वतः ही कला हस्तगत केली, इतरांना शिकविण्याची व्यवस्था केली आणि 1971 मध्ये ‘सावंतवाडी लॅकरवेअर्स’ ही संस्था उभी राहिली. राजघराण्यातील स्त्रीने कारागिराकडून शिकावे, स्वतः कुंचला हाती घ्यावा, ही त्या काळी लहान घटना नव्हती. 2018 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत जवळजवळ अर्धशतक हे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले. राजवाड्याच्या दरबार-दालनात बसून कलावंत पत्ते रंगवितात, लाखकामाच्या पेट्या, तबके, चौरंग सजवितात, आणि तिकीट काढून आलेला पाहुणा ते पाहतो. अलीकडच्या वर्षांत राजवाड्याच्या आवारातील काही भाग अतिथिगृह म्हणून खुला झाला असून त्याच्या सजावटीतही गंजिफाच्या आकृत्यांना स्थान मिळाले आहे.

दरबार-दालनात कार्यशाळा भरणे ही गोष्ट प्रतीकात्मकदृष्ट्या अर्थपूर्ण आहे. पूर्वी ज्या दालनात कारागीर नजराणा घेऊन उभा राहत असे, तेथे आज तो बसून काम करतो. परंतु त्याच दालनात तो पाहिला जातो, आणि भिंतीवरील तैलचित्रे, सिंहासन, शिकारीची स्मृतिचिन्हे यांच्या ओघातच पाहिला जातो. पाहणाऱ्याची नजर सिंहासनावरून कुंचल्यावर येते आणि कुंचल्यावरून विक्रीच्या मांडणीकडे वळते. कारागिराच्या कामाचा एक तुकडा, डोळ्याची बाहुली किंवा मुकुटाची कड, पाहुण्याच्या दोन-तीन मिनिटांच्या वाट्याला येते. साडेपाचशे चिन्हांचा संथ, एकसुरी पल्ला त्याला दिसू शकत नाही. साहजिकच कार्यशाळेत प्रेक्षणीय ठरते ते राजाचे पान. मोजणीचे पान पाहण्यासाठी कोणी थांबत नाही.

विक्रीचा व्यवहार या नजरेला अनुसरतो. 120 पत्त्यांचा हातरंगी संच महाग पडणे अपरिहार्य आहे. पाहुण्याला न्यावीशी वाटते ती चौकटीत बसविलेली एखादी प्रतिमा, पेल्याखाली ठेवायची चकती, फार तर दहा अवतारांचा सजावटीचा संच. संस्था टिकवावयाची तर अशा वस्तू करणे भाग आहे, हे उघड आहे. त्याबद्दल संस्थेला दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु या व्यवहारात गंजिफाचे काय होते हे सांगण्याची जबाबदारी समीक्षेची आहे. संच मोडतो आणि पत्ता सुटा होतो. सुटा झालेला पत्ता गोल आकाराचे लघुचित्र बनतो. त्याचा पाठीचा रंग निरर्थक होतो, त्याचे वजन, घोटीवपणा, हातात बसणे निरर्थक होते. पुठ्ठा आणि बाजारातील तयार रंग वापरले तरी काही बिघडत नाही, कारण तो पत्ता आता कोणी पिसणार नसतो. तंत्रातील या शिथिलतेला कारागिराची उदासीनता कारण नाही. वापर संपल्यावर तंत्राला अर्थ उरत नाही, इतकेच.

आणखी एक परिणाम कमी दृश्य आहे. नवशिक्या हाताला सराव मिळण्याची जागा म्हणजे मोजणीची पाने. पंचावन्न मासे काढताना रेषा सैल होते, मग स्थिर होते. त्यानंतर कुठे हात राजाच्या चेहऱ्याकडे जाण्यास सिद्ध होतो. मागणी केवळ सचित्र पानांची राहिली तर शिकण्याचा हा जिनाच काढून घेतल्यासारखे होते. मग प्रशिक्षण म्हणजे तयार नमुन्याची नक्कल, असा अर्थ होऊ लागतो. प्रशिक्षणवर्गांचे अहवाल लिहिताना किती जणांनी प्रशिक्षण घेतले हे सांगितले जाते. किती जणांनी पूर्ण संच हातावेगळा केला, हे सांगण्याची पद्धत नाही.

वॉल्टर बेंजामिन यांनी 1936 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या सुपरिचित निबंधात कलाकृतीचे पूजामूल्य आणि प्रदर्शनमूल्य यांत भेद केला. तो येथे लागू करण्याचा मोह होतो. पण गंजिफाचा पत्ता पूजेचाही नव्हता आणि प्रदर्शनाचाही नव्हता. तो खेळण्याचा होता. पाश्चात्त्य सिद्धान्तातील ही द्विदल मांडणी हस्तकलेपाशी अपुरी पडते, हे आपल्या अभ्यासकांनी स्पष्टपणे म्हणायला हवे.

गणपतीची शाळा

कलावंताला काम करताना पाहणे ही कल्पना कोकणाला नवी नाही. श्रावण जवळ आला की सिंधुदुर्गातील गावोगाव ‘गणपतीच्या शाळा’ सुरू होतात. मूर्तिकाराच्या पडवीत माती मळली जाते आणि गावकरी आपापल्या घरचा पाट तेथे आधीच नेऊन देतात. त्या पाटावर त्यांचा गणपती घडतो. पोरे शाळेतून सुटली की मूर्तिशाळेच्या दारात जमतात. कोणाचा पाट कुठे आहे, कोणाच्या गणपतीला अजून सोंड नाही, कोणाचा रंग लागला, यावर चर्चा झडतात. डोळ्यांची रेखणी व्हायची वेळ आली की गलका थांबतो. एखाद्या पोराच्या हाती मूर्तिकार ओली माती देतो; पुढे त्यातलाच एखादा रंगाच्या वाट्या धुऊ लागतो आणि काही वर्षांनी उंदीर रंगविण्याइतका तयार होतो.

आधुनिक परिभाषेत सांगावयाचे तर ही खुली कार्यशाळाच आहे. तिला तिकीट नाही, फलक नाही, माहितीपत्रक नाही. परंतु तेथील पाहणारा आणि राजवाड्यातील पाहणारा यांत मूलभूत अंतर आहे. मूर्तिशाळेतील पाहणाऱ्याचा पाट तेथे ठेवलेला असतो. तो प्रेक्षक असण्याआधी यजमान आहे. मूर्ती चतुर्थीला त्याच्या घरी जाणार आहे, तिची वाट पाहिली जाते आहे. मूर्तिकाराच्या चुकीवर बोट ठेवण्याचा अधिकार त्याला आहे आणि तो तो मोकळेपणाने बजावतो! ‘अवंदा सोंड वायच आखूड झाली’ असे म्हणणारा गावकरी हा त्या कलेचा जाणकार समीक्षक असतो. राजवाड्यातील पाहुणा केवळ वाहवा करू शकतो, कारण चूक कशाला म्हणावयाचे हे त्याला ठाऊक नसते.

याच जिल्ह्यातील दशावतारी नाटकाचे उदाहरण याला पूरक ठरते. गंजिफाचे जे दहा अवतार तेच या नाट्यप्रकाराला नाव देणारे. लिखित संहितेविना, पुराणकथेच्या आधाराने रात्रभर चालणारे हे नाटक गावोगावच्या जत्रांत आजही उभे राहते, आणि नामवंत मंडळ्यांच्या तारखा जत्रेच्या हंगामात सहज मिळत नाहीत. त्याच्या जतनासाठी कोणी राजवाड्याचे दालन उघडले नव्हते. त्याला जत्रा होती, देवळाचे आवार होते आणि नटाचे संवाद तोलून पाहणारा प्रेक्षक होता. एकाच भूभागात, एकाच पुराणविषयावर आधारलेल्या दोन कलांपैकी एक जत्रेच्या आधारावर जगली आणि दुसरीला संस्थेचा प्राणवायू लागला, ही वस्तुस्थिती हस्तकलाविषयक धोरण आखणाऱ्यांनी विचारात घेण्याजोगी आहे.

पिंगुळीचे अंगण

कुडाळ तालुक्यातील पिंगुळी गावाच्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची वस्ती आहे. चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या या कला येथील कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यांनाही सावंतवाडी संस्थानाचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांनी 2006 मध्ये आपल्या घराजवळच्या गुरांच्या गोठ्याचे रूपांतर करून ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभारले. 2021 मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले.

दरबार-दालन आणि गोठा, या दोन वास्तूंतील फरक केवळ वैभवाचा नाही. पिंगुळीत पाहुणा कलावंताच्या घरी येतो. कलावंत यजमान असतो. तोच दाखवितो, तोच सांगतो, तोच गातो. चित्र काढणारा, बाहुली नाचविणारा आणि स्वतःच्या परंपरेविषयी बोलणारा एकाच कुटुंबातला असतो. सावंतवाडीत कलेविषयी संस्था बोलते, पिंगुळीत कलावंत स्वतः बोलतो. या दृष्टीने पिंगुळीचा प्रयोग अधिक पुढचा मानावा लागेल, आणि तो कमी साधनांत झाला आहे याचीही नोंद व्हायला हवी.

तथापि सुट्या पत्त्याचा प्रश्न येथेही वेगळ्या रूपात उभा राहतो. चित्रकथीची पोथी म्हणजे सुट्या कागदांवरील चित्रांचा क्रमबद्ध संच. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असतात. एक प्रसंग सांगून झाला की कागद फिरवायचा आणि दुसरा प्रसंग समोर आणायचा. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने रामायण-महाभारतातील आख्यान लावले जाई. चित्रातील पात्रे समोरासमोर, मोठ्या डोळ्यांची, आवेशात उभी असतात. पार्श्वभूमी जवळजवळ नसतेच, कारण ती सांगणाऱ्याच्या शब्दांत असते. विसाव्या शतकात अशा पोथ्या संग्राहकांच्या आणि संग्रहालयांच्या हाती गेल्या, पुष्कळ ठिकाणी एकेक पान अलग झाले. आज नव्याने काढली जाणारी चित्रेही बहुतांशी एकेकटी विकली जातात. भिंतीवर लावलेले असे चित्र देखणे दिसते यात शंका नाही. पण त्याच्या पाठीमागे दुसरा प्रसंग नसतो. चित्राची पाठ कोरी असणे हेच चित्रकथीच्या स्थित्यंतराचे नेमके चिन्ह होय.

पाहुण्यांसाठी होणारा प्रयोगही त्यांच्या सवडीप्रमाणे आटोपशीर होतो. रात्रभराच्या आख्यानातून एखादा प्रसंग निवडला जातो. यात गैर काही नाही. कीर्तनकारही श्रोते पाहून आख्यान आखडते घेतो. मात्र कीर्तनकाराला संपूर्ण आख्यान लावण्याचे प्रसंग वर्षभर मिळत राहतात, चित्रकथीकाराला ते आता क्वचित मिळतात. आख्यान आखडते घेणे वेगळे आणि आखडलेले आख्यानच शिल्लक राहणे वेगळे.

तरीही पिंगुळीत एक शक्यता शिल्लक आहे, जी सावंतवाडीत तुलनेने क्षीण आहे. बाहुली हलवावीच लागते आणि चित्रकथी सांगावीच लागते. प्रयोग कितीही छोटा असला तरी वस्तूचा मूळ उपयोग पाहुण्याच्या डोळ्यांसमोर घडतो. लहान मूल बाहुलीचा दोरा ओढून पाहू शकते. गंजिफाच्या बाबतीत असे घडत नाही. पत्ता कसा रंगवितात हे पाहुण्याला दिसते. डाव कसा मांडतात हे दिसत नाही. कार्यशाळेत करण्याची क्रिया खुली झाली, खेळण्याची क्रिया बंदच राहिली.

नावाचा प्रश्न

जपानमध्ये यानागी सोएत्सू यांनी 1925 च्या सुमारास लोककारागिरीच्या सौंदर्याचा विचार मांडला आणि 1936 मध्ये तोक्योत त्यासाठी संग्रहालय उभारले. निनावी कारागिराच्या वस्तूत अहंकाररहित सौंदर्य असते, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. ती मोहक आहे आणि आपल्या भक्तिपरंपरेशी जुळणारी वाटते. पण येथे सावधगिरी आवश्यक आहे. ज्या समाजात कारागीर आणि वापरणारा एकमेकांना ओळखतात, तेथे वस्तूवर नाव नसले तरी करणारा निनावी नसतो. गणपतीच्या शाळेतील मूर्तीवर सही नसते, पण मूर्ती कोणाच्या हातची हे अख्ख्या वाडीला ठाऊक असते. तीच वस्तू शहरातील दिवाणखान्यात गेली की सही नसणे म्हणजे खरोखरच नाव पुसले जाणे होय. गंजिफाच्या पत्त्यावर करणाऱ्याचे नाव घालण्याची परंपरा नव्हती; परंतु ज्या परिस्थितीत ती परंपरा निर्दोष होती ती परिस्थिती आता नाही. आज संच ओळखला जातो तो गावाच्या आणि राजवाड्याच्या नावाने.

सावंतवाडीच्या गंजिफाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. 1999 च्या कायद्याने, जो 2003 मध्ये अमलात आला, अशा वस्तूंना संरक्षण दिले. या कायद्यात मानांकनाचा नोंदणीकृत स्वामी वेगळा आणि ‘अधिकृत वापरकर्ता’ वेगळा मानला आहे. मानांकन मिळाल्याने गावाचे नाव सुरक्षित होते. प्रत्यक्ष करणाऱ्याला त्याचा लाभ हवा असेल तर त्याने स्वतंत्रपणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून घ्यावी लागते. म्हणजे चितारआळीतील दुकानदार-कारागीर आणि राजवाड्यातील कलावंत यांची नावे त्या नोंदवहीत किती आहेत, यावर मानांकनाचे खरे मूल्य ठरेल. वृत्तपत्रांनी मानांकनाचे स्वागत केले ते योग्यच; ही नोंदवही उघडून पाहण्याचे काम मात्र अभ्यासकांचे आहे.

याच संदर्भात कच्छमधील एका प्रयोगाची दखल घेता येईल. ‘कला रक्षा’ या 1993 पासून कार्यरत असलेल्या संस्थेने 2005 मध्ये कारागिरांसाठी अभिकल्पाचे विद्यालय सुरू केले. पारंपरिक कारागिराला तंत्र अवगत असते. त्याने काय करावे हे ठरविणारा मात्र बाहेरचा असतो, या विसंगतीवर तेथे बोट ठेवले गेले. कारागिराने स्वतः रचना करावी, ती स्वतःच्या नावाने मांडावी, असा आग्रह धरला गेला. कच्छच्या भरतकामाला जे लागू पडले ते गंजिफाला जसेच्या तसे लागू पडेल असे नाही. पत्त्याची चिन्हे खेळाच्या नियमांनी बांधलेली आहेत. कृष्णाच्या पानावर गाईऐवजी दुसरे काही काढता येणार नाही. पण काठाची नक्षी, राजा-प्रधानांची मांडणी, रंगसंगती यांत कारागिराच्या निर्णयाला वाव आहे, आणि संचाच्या पेटीत करणाऱ्यांची नावे लिहिलेली चिठ्ठी ठेवण्यास तर कोणतीच परंपरा आड येत नाही.

महाविद्यालयांचा या साऱ्याशी संबंध शैक्षणिक सहलीपुरता राहिला आहे. विद्यार्थ्यांची रांग दालनातून फिरते, छायाचित्रे निघतात, अहवालात ‘कलावंतांशी संवाद साधला’ असे वाक्य येते. याऐवजी बाजार कलमाचा, पुठ्ठ्यावरचा, साध्या रंगांचा एक पूर्ण संच ग्रंथालयासाठी मागविता येईल. त्याच्या शंभर मोजणीच्या पानांचे काम एखाद्या नवशिक्या हाताला मिळेल. खेळाचे नियम मराठीत व्यवस्थित लिहून काढणे हा पदव्युत्तर स्तरावरील प्रकल्प होऊ शकतो. त्यासाठी डाव आठवणाऱ्या वृद्ध मंडळींच्या मुलाखती घ्याव्या लागतील आणि त्या लवकर घ्याव्या लागतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पूर्ण संच आणि सुटे पत्ते यांच्या विक्रीचे प्रमाण तपासता येईल. सावंतवाडी आणि पिंगुळी ही दोन्ही ठिकाणे एका दिवसाच्या सहलीत होतात. पिंगुळीला आधी जाऊन आख्यान ऐकावे आणि नंतर राजवाड्यात जावे, हा क्रम अधिक उपयुक्त ठरेल. तसे केल्यास दालनातील कलावंताला विद्यार्थी पहिला प्रश्न बहुधा डावाविषयीच विचारतील.